मधले बावीस सेकंद

माझ्या वहिनीशी भांडायचं असेल तर आधी नीट विचार करावा लागतो. अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही काय बोलला होतात, ते ती जसंच्या तसं ऐकवते. नुसता अर्थ नाही, शब्द. मधे खोकला आला असेल तर तोसुद्धा. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, पाहुण्यांना दारातच सावध करतो, ‘जपून बोला, आमच्या घरात सगळं लिहून घेतात.’ मी तिची सख्खी नणंद. नणंद असूनही मी तिच्याबद्दल हे लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

वहिनीचं काम ऐकून लिहिण्याचं. लग्न होऊन आली तेव्हा ती कोर्टात टायपिस्ट होती. पुढे यंत्रं बदलली, टायपिस्ट कमी केले, त्या यादीत तिचंही नाव निघालं. आठ दिवस ती घरात गप्प बसून राहिली. नवव्या दिवशी उठली आणि माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे एका चष्मेवाल्याच्या डोक्यावरची खोली. मी तिथे झेरॉक्स काढते आणि कागद बांधून देते. वहिनीने खिडकीपाशी टेबल ओढलं, संगणक मांडला, कानांवर हेडफोन चढवले आणि पायाखाली पेडल ठेवलं. पेडल दाबलं की रेकॉर्डिंग चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की तीन सेकंद मागे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई शिवायला बसली आहे.

तेव्हापासून सोळा वर्षं लोकांची बोलणी तिच्याकडे येतात आणि कागद होऊन जातात. वकिलांच्या मुलाखती, संस्थांच्या सभा, कुणाचं भाषण, कुणाची साक्ष. प्रत्येक पानाच्या तळाशी ती एक शिक्का मारते, ‘शब्दशः’. त्यावरून सगळ्या रस्त्याने तिचं नाव शब्दशःबाई पाडलं आहे. हे नाव तिला आवडतं, पण आवडतं असं ती कधी कबूल करणार नाही.

ज्यांचे आवाज ती ऐकते त्यांना ती कधी भेटत नाही. हा तिचा नियम. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘चेहरा दिसला की आपण कुणाची तरी बाजू घेतो. मग कान बिघडतो.’ मला तेव्हा हे जरा शिष्टपणाचं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

तिच्या गिऱ्हाइकांत एक चौकशीवाले साहेब होते. निवृत्त वकील, सत्तरीचे. कारखान्यात कामगारावर आरोप ठेवला की आधी चौकशी होते, साक्षी होतात, मग काय तो निर्णय. ती चौकशी चालवायला यांना बोलावत. साक्षी ते रेकॉर्डरवर घेत आणि रेकॉर्डरमधलं छोटं कार्ड वहिनीकडे पाठवत. साहेबांची एक खोड होती. रेकॉर्डरचं बंद करायचं बटण ते दाबत नसत. कधीकाळी त्यांनी बंद म्हणून काहीतरी दाबलं होतं आणि दिवसभराची साक्ष पुसली गेली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. साक्ष संपली की ते चालू यंत्रातून कार्ड सरळ उपसून घेत. यंत्राला फाईल नीट मिटायला वेळच मिळायचा नाही. दहादा ते खपून जायचं, अकराव्यांदा फाईल उघडायची नाही. वहिनी त्यांना सांगून सांगून थकली. साहेब म्हणायचे, ‘तुम्ही आहात ना दुरुस्त करायला.’

आणि ती करायचीही. इंटरनेटवर अशी एक जागा तिने शोधून ठेवली होती, जिथे बिघडलेली फाईल चढवायची, सोबत त्याच रेकॉर्डरवरची एक धडधाकट फाईल नमुन्याला द्यायची. नमुना पाहून ते यंत्र बिघडलेली फाईल पुन्हा बांधतं आणि परत देतं. निळी पट्टी हळूहळू भरत जाते, तोवर आपण बघत बसायचं.

त्या मंगळवारी सकाळी अशीच एक फाईल आली. पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात अपघात झाला होता. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या एका मुलीची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. प्रेसच्या तोंडाशी एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. अपघाताच्या दिवशी ती जागेवर नव्हती. आरोप असा, की काम लवकर उरकावं म्हणून मुलीनेच ती काढली. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि बोटं गेली ती स्वतःच्या चुकीने, असं कायमचं कागदावर येणार. जाळी काढणं-बसवणं ज्याच्या हाती असे तो एकच साक्षीदार होता, कारखान्याचा म्हातारा फिटर. फाईल त्याच्या साक्षीची होती आणि ती उघडत नव्हती. टाइप केलेल्या साक्षीवर त्याच दिवशी चार वाजता सह्या व्हायच्या होत्या.

वहिनीने फाईल चढवली, नमुना दिला, अर्ध्या तासात दुरुस्त होऊन आली. फिटरचा आवाज खणखणीत. बाराच्या आत तिने सात पानं टाइप केली, शिक्के मारले. साहेबांचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन गेला. मी म्हटलं, ‘बघ, झालं की वेळेत.’ ती म्हणाली, ‘न व्हायला काय झालं?’ आम्ही डबे उघडले.

दीड वाजता जिन्यावर पावलं वाजली आणि एक मुलगी आत आली. बावीस-तेवीसची असेल. उजवा हात ओढणीखाली, डाव्या हातात आमचीच सात पानं. नियमाप्रमाणे तिलाही एक प्रत मिळाली होती, आणि पहिल्या पानावर आमच्या दुकानाचा पत्ता होता.

‘टाइप करणाऱ्या ताई कोण?’

वहिनीने मान वर केली.

‘ताई, यात काका बोलले ते सगळं नाहीये.’

मला वाटलं, आता संपलं. सोळा वर्षांत वहिनीला असं कुणी बोललं नव्हतं. तिने डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि रागावल्यावर ज्या आवाजात ती मला वन्सं म्हणते त्या आवाजात म्हणाली, ‘बाळ, जे होतं ते सगळं आहे. मी माझ्या मनाचं लिहीत नाही आणि कुणाच्या मनाचं गाळतही नाही.’

‘मी समोर बसले होते, ताई. चौथं पान बघा. इथे. याच्या मधे काका बोलले. बरंच बोलले.’

मी वाकून पाहिलं. साहेबांचा प्रश्न होता, जाळी जागेवर होती का? फिटरचं उत्तर, नव्हती, काढलेली होती. आणि लगेच पुढची ओळ, ‘मुलगी कामाला चपळ आहे. हात भरभर चालतो. घाई करते कधीकधी.’ कुणीही वाचलं असतं तर एकच अर्थ लावला असता. मीही तोच लावला, आणि खोटं कशाला बोलू, मुलीकडे जरा त्याच नजरेने बघितलं.

‘मधे काका म्हणाले की...’

‘गप्प!’ वहिनी एवढ्या जोरात ओरडली की खालचा चष्मेवाला खोकला. ‘काय म्हणाले ते मला सांगायचं नाही. एक शब्द नाही. तू सांगितलंस तर मला तेच ऐकू येईल, असो वा नसो.’

मुलगी तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तिची सगळी नोकरी ज्या शब्दांवर होती ते शब्द तिच्या जिभेवर होते, आणि ही बाई तिला ते उच्चारू देत नव्हती. मला त्या पोरीची कणव आली. मी तिला स्टुलावर बसवलं.

वहिनीने हेडफोन चढवले आणि चौथ्या पानाची जागा लावली. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाय पेडलवर, टाच खाली, पुन्हा तीन सेकंद मागे. चेहरा कोरडा. मग तिने डोळे मिटले आणि बोटाने टेबलावर ठेका धरला. मला काही कळेना. तिने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

‘बोलणं ऐकू नकोस. मागचं ऐक.’

मागे कारखाना होता. चौकशीची खोली प्रेसच्या वरच होती म्हणे. पंख्याची घरघर, आणि खालून मोठ्या प्रेसचा आवाज. धप्प. मग सहा सेकंद. धप्प. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. ‘नव्हती, काढलेली होती’, धप्प. आणि मग दोन सेकंदांत पुन्हा धप्प.

‘प्रेस घाई करत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘इथलं काहीतरी गेलंय.’

तेवढ्यात तिचा चेहरा बदलला. तिने ती दुरुस्तीची जागा उघडली आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. पुढे लिहिलं होतं, ‘रिकाम्या जागा काढून टाका’. ती खूण यंत्राने केली नव्हती. वहिनीनेच केली होती. फोनवरच्या मुलाखतींत लोक मधेच आपला आवाज बंद करतात, मिनिटंच्या मिनिटं मुकी जातात. ती कापली की टायपिंग लवकर उरकतं, म्हणून हा चौकोन दिसला की खूण करायची तिच्या बोटाला सवय. त्या सकाळीही बोट आपसूक गेलं. फिटरच्या साक्षीत मधला एक पट्टा खराब होता, आवाज तुटक, कणाकणाने. यंत्राने तो सगळाच रिकामा धरला, कापला, आणि दोन्ही टोकं अशी जोडली की शिवण दिसू नये.

‘माझ्या हातून झालं,’ वहिनी म्हणाली. ‘आणि वर शिक्का मारला मी.’

मी घड्याळात पाहिलं, दोन वाजून गेले होते. आता माझी लाज सांगते. मी वहिनीला दाराशी नेलं आणि हळूच म्हटलं, ‘अगं, जाऊ दे ना. यंत्राने दिलं ते तू लिहिलंस. हे बाहेर आलं तर उद्या कोण काम देईल तुला? ती पोरगी म्हणेल तेच खरं कशावरून?’ ‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘हे तुम्ही बोललात ते मला आयुष्यभर लक्षात राहील.’ आणि राहणारच, याची मला खात्री आहे.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, ‘मला काय आठवतं तो पुरावा नाही, बाई. कागद हा पुरावा. चार वाजता सह्या. त्याआधी काय ते आणा.’ आणि ठेवून दिला.

पुन्हा फाईल चढवायला गेली तर यंत्र म्हणालं, आज नाही. फुकटात दिवसाला एकच फाईल. माझ्या नावाने नवं खातं उघडलं, माझा पासवर्ड दोनदा चुकला, वहिनीने तोंडाने काही म्हटलं नाही पण नाकाने म्हटलं. अखेर फाईल चढू लागली. या खेपेला चौकोनातली खूण काढली आहे हे आम्ही तिघींनी बोट लावून पाहिलं. निळी पट्टी बारा टक्क्यांवर आली आणि थांबली. इंटरनेट अडकलं होतं. मी खाली धावले, चष्मेवाल्याला म्हटलं तुझं वायफाय दे, तो म्हणाला पासवर्ड बायकोला माहीत. बायकोला फोन, बायको उचलेना. वर आले तर पट्टी चौदावर. मुलगी स्टुलावर ताठ बसून त्या पट्टीकडे बघत होती, जशी माणसं ऑपरेशनच्या दाराकडे बघतात.

मग अडकलेलं इंटरनेट आपोआप सुटलं आणि पावणेतीनला फाईल उतरली. मुलीला जायलाच हवं होतं, सह्यांच्या वेळी ती हजर नसली तर तेही तिच्या विरुद्ध गेलं असतं. ‘तू तिथे वेळ काढ,’ मी म्हटलं. ‘सही करू देऊ नकोस.’

‘माझं कोण ऐकतंय तिथे,’ ती म्हणाली आणि जिना उतरली.

आता तो पट्टा जागेवर होता. बावीस सेकंद. मी वहिनीला खेटून बसले, एक हेडफोन तिच्या कानाला, एक माझ्या. आधी शांतता, पंखासुद्धा नाही. मग शब्दाचा कण. पुन्हा काही नाही. अर्धा धप्प. पुन्हा कण. ‘जाळी’ हा शब्द स्पष्ट आला. नंतर ‘मी’. नंतर ‘साहेब म्हणा’ आणि तुटलं. ‘दोन दिव’ आणि तुटलं. ‘तिला मा’. ‘रजेव’. बस. पुढे एकदम खणखणीत, मुलगी कामाला चपळ आहे.

‘झालं की!’ मी ओरडले. ‘जाळी मी काढली, साहेब म्हणाले दोन दिवस काढ, तिला माहीत नव्हतं, ती रजेवर होती. आणि शेवटचं ते चपळ वगैरे, ते दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. लिही पटकन.’

‘असं ऐकू आलं तुला?’

‘ऐकू काय यायचंय, दिसतंय की ढळढळीत!’

‘दिसतंय,’ ती म्हणाली. ‘ऐकू येत नाही.’

आणि तिने जेवढं ऐकू आलं तेवढंच टाइप केलं. दीड सेकंद आवाज नाही. ‘जाळी’. तीन सेकंद आवाज नाही. ‘मी’. असं सगळं. एकेक कण वीस-वीस वेळा ऐकून, सेकंद मोजून. मी तिथे उभी जळत होते. साडेतीन झाले, पावणेचार झाले. एका मुलीचं नशीब आणि ही बाई अर्ध्या सेकंदासाठी टाच दाबते आहे. मला तिचा संताप आला होता, आणि तिचंच बरोबर आहे हेही कळत होतं, त्यामुळे आणखी संताप येत होता.

चारला दहा कमी असताना पान छापून झालं. तिने त्यावर शिक्का मारला, फाईल लॅपटॉपवर घेतली आणि माझ्या मागे स्कूटरवर बसली. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती आवाजांच्या माणसांना भेटायला निघाली होती. सिग्नलला मी थांबले तर तिने माझ्या पाठीत बोट खुपसलं. कारखान्याच्या फाटकावर वहीत नाव लिही, वेळ लिही, कुणाला भेटायचं ते लिही. वहिनीने तेवढ्यातही सुवाच्य लिहिलं.

खोलीत पोचलो तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. लांब टेबल, एका टोकाला साहेब, बाजूला कारखान्यातर्फे बोलणारा अधिकारी, इस्त्रीचा शर्ट. दुसऱ्या बाजूला मुलगी, रडून चेहरा सुजलेला. आणि मधे फिटर. मी उगाच धिप्पाड माणूस मनात धरला होता. हा बारीक, डोक्यावर थोडे पांढरे केस, नखांत काळं तेल. त्याच्या हातात पेन होतं आणि समोर आमची सात पानं. पाच पानांवर सही झाली होती. चौथ्यावरही.

वहिनी दारातच बोलली. ‘साहेब, ते चौथं पान चुकीचं आहे. चूक माझी आहे. मी यंत्राला रिकाम्या जागा काढायला सांगितल्या, त्यात साक्षीचे बावीस सेकंद गेले. मी न तपासता शिक्का मारला. हे बरोबरचं पान.’

साहेबांनी नवं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. ‘हे काय आहे? जाळी, मी, साहेब म्हणा... याला काय अर्थ?’

‘अर्थ लावायचं काम माझं नाही. एवढंच ऐकू येतं.’

इस्त्रीचा शर्ट हसला. ‘इंटरनेटवरच्या कुठल्याशा यंत्राने शिवलेला आवाज. सकाळी त्याच यंत्राने एक दिलं, दुपारी दुसरं. संध्याकाळी तिसरं देईल. साक्षीदाराने वाचून सही केलीय, साहेब. विषय संपला.’

वाईट वाटलं, कारण तो चूक बोलत नव्हता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. खाली प्रेस चालू होतं. सगळ्यांच्या माना फिटरकडे वळल्या.

‘मला ऐकवा,’ फिटर म्हणाला.

वहिनीने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि सुरू केलं. त्याचाच आवाज, नव्हती, काढलेली होती. मग ती शांतता. ‘जाळी’. शांतता. ‘मी’. त्या ‘मी’ला त्याने डोळे मिटले. मुलगी त्याच्याकडे बघत होती, आशेने नाही, घाबरून. मला वाटतं तिला कळलं होतं की आता तिचं भलं ज्याच्या तोंडातून यायचं, त्याचं त्यात सगळं जाणार आहे. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्याने फक्त आठवत नाही म्हणायचं होतं. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं, पेन उचलून सहाव्या पानावर टेकवायचं होतं.

त्याने पेन उचललं. मग त्याने टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

‘साहेब, मशीन चालू करा,’ तो म्हणाला. ‘मी त्या दिवशी बोललो होतो. मघाशी पान वाचलं, त्यात ते नाही हे मला दिसलं. दिसलं आणि मी सही केली. हेही लिहा.’ तो मुलीकडे वळला. ‘पोरी, तू मला दोनदा म्हणालीस काका नीट वाचा, आणि मी वर बघितलं नाही.’

साहेबांनी रेकॉर्डर सुरू केला. इस्त्रीचा शर्ट उठला, ‘हरकत नोंदवा’ म्हणाला. साहेब म्हणाले, ‘नोंदवतो, बसा.’

‘जाळी मी काढली,’ फिटर म्हणाला. ‘सुपरवायझर साहेब म्हणाले, ऑर्डर मोठी आहे, जाळीने हात अडतो, दोन दिवस काढून ठेव. मी म्हटलं लिहून द्या. ते म्हणाले, तुझं वय झालंय, घरी बसायचंय का आत्ताच? मी काढली. तिला माहीत नव्हतं. ती रजेवरून त्याच सकाळी आली. मी तिला सांगायला पाहिजे होतं. मी चहाला गेलो.’

‘मी चहाला गेलो’ म्हणताना त्याचा आवाज फुटला. मुलगी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. वहिनी भिंतीशी उभी होती, हात मोकळे, पायाखाली पेडल नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मुलीवरचा आरोप गेला. तिला दुसऱ्या खात्यात बसून करायचं काम दिलं. सुपरवायझरची बदली झाली, तीही जरा वरच्या जागी. फिटरला काढून टाकलं. सात महिने उरले होते ते उरलेच.

आमचं काम वर्षभर कमी झालं. शब्दशःबाईचं पान चुकलं ही बातमी आमच्या रस्त्याला पुरेशी होती. काही मंडळी परत आली, काही नाही आली. दादाने घरात विषय काढायचा नाही असं ठरवलं आणि दिवसातून तीनदा काढला.

महिन्याभराने एका सकाळी फिटर दुकानात आला. आता त्याचं स्वतःचं अपील होतं आणि त्याला त्या साक्षीच्या प्रती हव्या होत्या, चौथं पान पहिलं चुकलेलं आणि दुसरं दुरुस्त केलेलं, दोन्ही. मी प्रती काढल्या, बांधल्या. वहिनी तोवर हेडफोन काढून बसली होती. ती उठली, त्याच्यासमोर आली आणि म्हणाली, ‘काका, मला माफ करा.’

त्याने प्रती पिशवीत घातल्या आणि तिच्याकडे पाहिलं.

‘कुठल्या पानासाठी, बाई?’ तो म्हणाला. ‘पहिल्या की दुसऱ्या?’

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं आणि त्यासाठी तो थांबला. थोड्या वेळाने त्याने पिशवी काखेत धरली आणि कठड्याला हात लावत जिना उतरून गेला.